सेंट पॉल्स हाउस, लीड्स : व्हिक्टोरियन काळातल्या तयार कपड्यांच्या कारखान्याची वास्तू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही इमारत नेमकी कोणती?

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या लीड्स शहरात पार्क स्क्वेअर नावाचा चौक आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी श्रीमंतांच्या घरांसाठी तो आखला गेला. चौकाच्या दक्षिण बाजूला १८७८ मध्ये जॉन बॅरन या तयार कपड्यांच्या कारखानदाराने ही इमारत उभारली. वास्तुविशारद थॉमस अँब्लर. तांबड्या आणि गुलाबी विटा, टेराकोटाची (भाजलेल्या मातीची) नक्षी, घोड्याच्या नालाकडे झुकणाऱ्या कमानी, वर जाळीदार कठडा आणि कोपऱ्यांवर मिनार असा तिचा मूरिश, म्हणजे स्पेनच्या मुसलमानी राजवटीतल्या शैलीचा, थाट आहे. चौकातल्या तेव्हाच्या सेंट पॉल चर्चवरून तिला नाव मिळाले. चर्च विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडले, नाव मात्र टिकले. इमारतीला इंग्लंडच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीतला तारांकित दर्जा आहे. आत आता कार्यालये आहेत.

जॉन बॅरन कोण?

जन्म १८२१ चा, लंडनचा. १८४२ मध्ये लीड्सला आला, कपड्यांचे दुकान टाकले आणि १८५० च्या दशकात शिवणयंत्रे बसवून तयार कपडे काढू लागला. पुढे लहान मुलांच्या कपड्यांत त्याने मोठे नाव कमावले. लीड्सचा महापौर, खासदार आणि शेवटी सर ही चढण त्याने चढली. राउंडहे पार्क शहरासाठी विकत घेण्यात त्याचा पुढाकार होता. इमारतीच्या दर्शनी भागावर पैसा का ओतला, हे समजायला एवढे चरित्र पुरे. १८७८ मध्ये तो खासदार होता, आणि ही इमारत शिंपीकामाच्या गल्लीत नव्हे, वकील-डॉक्टरांच्या चौकात उभी राहायची होती.

हा खरोखर कारखाना होता की गोदाम?

दोन्ही, आणि सगळी मेख इथेच आहे. वारसा नोंदीत तिचे वर्णन ‘गोदाम आणि कापड बेतण्याचा कारखाना’ असे आहे. म्हणजे कापडाचे तागे यायचे, तपासले जायचे, टेबलावर अंथरून थराथराने कापले जायचे. तयार कपडे परत येऊन साठवले, घाऊक गिऱ्हाइकांना दाखवले आणि रवाना केले जायचे. मधले शिवणकाम मोठ्या प्रमाणात बाहेर जायचे. हर्मन फ्रेंड या ज्यू शिंप्याबरोबर बॅरनने ही पद्धत बसवली. फ्रेंडने आपल्या कार्यशाळेत कोट-जाकिटाच्या शिवणीचे तुकडे पाडले: एकजण फक्त बाह्या जोडणार, एकजण फक्त काजे-बटणे. लीड्सच्या लेलँड्स वस्तीत अशा छोट्या कार्यशाळा पसरल्या.

इमारतीवर याचा थेट परिणाम दिसतो. इथे प्रचंड इंजिनघर नाही, गगनचुंबी धुराडे नाही. बेतणीची मोठी टेबले मावतील असे मोकळे मजले, भरपूर उजेड, मालाची ये-जा आणि गिऱ्हाइकावर छाप पाडणारे दार, एवढेच हवे होते. जड यंत्रांनी नव्हे, टेबलाने आणि उजेडाने ठरवलेली ही वास्तू आहे.

कापड गिरणी आणि कपड्यांचा कारखाना बाहेरून वेगळा कसा ओळखायचा?

गिरणीत सूत आणि कापड तयार होते. मागांचा हादरा मोठा, म्हणून विणकामाची शेड बहुधा एकमजली, जमिनीला धरून, वर करवतीच्या दात्यांसारखे छप्पर. सूतकताईची इमारत बहुमजली आणि खोलवर रुंद, कारण सूत कातणाऱ्या चात्यांच्या लांबच लांब रांगा आडव्या मावायला हव्यात. शेजारी इंजिनघर, बॉयलर, धुराडे आणि पाण्याचा तलाव.

कपड्यांच्या कारखान्यात यंत्र हलके आणि माणसे जास्त. म्हणून इमारत गावात, कामगार बायकांना पायी येता येईल अशा ठिकाणी. मजले चार-पाच असले तरी चालते. रुंदी कमी ठेवतात, म्हणजे मधल्या टेबलापर्यंत उजेड पोचतो. रस्त्याकडची बाजू सजलेली आणि मागची साध्या विटांची असेल, मागच्या भिंतीत एकाखाली एक मालाची दारे आणि वर माल ओढून घेणाऱ्या उच्चालकाची तुळई बाहेर आलेली असेल, तर ते कपड्यांचे किंवा कापडाचे गोदाम-कारखाना असण्याची शक्यता दाट. फक्त धुराड्यावरून निष्कर्ष काढू नका: शर्टाच्या कारखान्यांना धुलाई आणि खळीसाठी वाफ लागायची, तिथेही धुराडे असते.

बेतणीचे यंत्र आल्यावर काय बदलले?

१८५८ मध्ये बॅरनने लाकडाचे पातळ पापुद्रे कापणारी पट्ट्याची करवत पाहिली आणि लीड्सच्याच ग्रीनवुड अँड बॅटली कंपनीकडून तिच्या धर्तीवर कापड कापणारी पट्टा-सुरी बनवून घेतली. कात्रीने एका वेळी एक-दोन थर निघतात. या सुरीने कापडाचे अनेक थर एका दमात निघू लागले.

याचे तीन परिणाम. एक, अंथरणीची टेबले लांब झाली, कारण थर लावायचे तर कापड सलग पसरायला हवे, आणि त्यासाठी खांबांमधले अंतर व रांगा महत्त्वाच्या ठरल्या. दोन, सुरी जागची हलत नाही, कापडाचा गठ्ठा तिच्याकडे न्यायचा, म्हणून टेबल ते सुरी हा रस्ता मोकळा हवा. तीन, एक बेतणी-कारागीर आता शेकडो हातांना पुरेल एवढे काम काढू लागला, म्हणून बेतणी एका छताखाली आणि शिवण शहरभर अशी फाळणी परवडली. बेतण्यात चूक झाली तर एक कोट नाही, सगळा थर वाया जातो. त्यामुळे हे काम मालकाच्या नजरेखाली, चांगल्या उजेडात ठेवणे भाग होते.

मूरिश शैलीच का? लीड्सचा आणि स्पेनच्या मुसलमानी राजवटीचा संबंध काय?

संबंध काही नाही, फॅशन होती. वास्तुविशारद ओवेन जोन्सने स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा या मूरिश राजवाड्याची रेखाटने १८४० च्या दशकात छापली आणि १८५६ मध्ये जगभरच्या नक्षीकामाचा मोठा संग्रह काढला. त्यानंतर इंग्लंडमधल्या वास्तुविशारदांच्या टेबलावर हे नमुने आयते होते. शिवाय टेराकोटाची नक्षी साच्यातून निघत असल्याने एकच तुकडा पन्नास वेळा काढणे दगड कोरण्यापेक्षा स्वस्त पडायचे. सेंट पॉल्स हाउसमध्ये मूरिशबरोबर व्हेनिसच्या राजवाड्यांची छटाही मिसळली आहे, त्यामुळे ‘शुद्ध मूरिश’ म्हणून तिचे वर्णन वाचलेत तर ते जरा जपूनच घ्या.

लीड्सला ही हौस नवी नव्हती. मार्शलची तागाची गिरणी, टेंपल वर्क्स, १८३८ ते १८४१ दरम्यान इजिप्तच्या मंदिराच्या रूपात बांधली गेली. टॉवर वर्क्स या कारखान्याचे १८६४ चे धुराडे इटलीतल्या व्हेरोनाच्या लांबेर्ती मनोऱ्यासारखे आहे आणि १८९९ चे फ्लॉरेन्सच्या जोत्तोच्या घंटाघरासारखे. कारखान्याला राजवाड्याचा चेहरा देणे ही त्या शहराची जाहिरातच होती.

आतला सांगाडा कसा असे?

या काळातल्या नेहमीच्या मांडणीत बाहेरच्या भिंती विटांच्या आणि भार वाहणाऱ्या, आत बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पोकळ गोल खांब, त्यांवर तुळया, आणि तुळयांवर एकतर लाकडी फळ्या किंवा विटांच्या उथळ कमानी. या कमानींना आपल्याकडेही जॅक आर्चच म्हणतात. मजल्यावरून जाताना तुळयांचा काटछेद (आडव्या कापाचा आकार) पाहिला की काळाचा अंदाज येतो:

– खालची पट्टी वरच्यापेक्षा खूप रुंद आणि मधे पोट फुगलेले असेल तर बिडाची तुळई. बीड दाबाला पक्के आणि ताणाला कच्चे, म्हणून ताण पडणाऱ्या खालच्या बाजूला जास्त धातू.
– रिव्हेटांच्या रांगा आणि जोडलेले पत्रे दिसले तर घडीव लोखंड.
– वरची-खालची पट्टी सारखी, अंग गुळगुळीत, मधल्या पोटावर कारखान्याचे उठावदार नाव, तर लाटलेले पोलाद. म्हणजे साधारण १८८० च्या दशकानंतरचे काम किंवा नंतरची दुरुस्ती.

बिडाच्या तुळया का मागे पडल्या, याचे उत्तर अपघातांत आहे. बीड मोडण्याआधी वाकून इशारा देत नाही. १८४७ मध्ये चेस्टरजवळ डी नदीवरचा बिडाच्या तुळयांचा रेल्वेपूल गाडीखाली कोसळला, तेव्हापासून ताणात बीड वापरण्यावरचा विश्वास उडत गेला. खांब मात्र शतकाच्या अखेरीपर्यंत बिडाचेच राहिले, कारण खांबावर दाबच असतो.

खिडक्या एवढ्या मोठ्या असण्याचे कारण खिडकी-कर रद्द होणे, हे खरे का?

फारसे नाही. १८५१ मध्ये रद्द झालेला खिडकी-कर मुख्यतः राहत्या घरांवरचा होता. कारखान्यांना अधिक फायदा झाला तो १८४५ मध्ये काचेवरचे शुल्क उठल्याचा, आणि विटांचा भाव उतरला तो १८५० मध्ये विटांवरचे शुल्क गेल्याचा. मोठ्या खिडकीचे खरे कारण काळ्या कापडावर काळा दोरा. ढगाळ लीड्समध्ये, कोळशाच्या धुरात, गॅसच्या पिवळ्या ज्योतीखाली दोन निळ्या छटा ओळखणे अशक्य होते. नॉटिंगहॅमच्या लेस मार्केटमधल्या गोदामांत हे आणखी स्पष्ट दिसते: तिथे लेस तपासण्याचे काम सर्वांत वरच्या मजल्यावर आणि त्या मजल्याला जवळजवळ सलग काच. वास्तुविशारद टी. सी. हाइनने १८५५ मध्ये बांधलेली अ‍ॅडम्स इमारत पाहा. तळघरात कामगारांसाठी प्रार्थनाघर, वर उजेडाचे मजले.

सेंट पॉल्स हाउस चौकाच्या दक्षिणेला असल्याने तिचे मुख्य तोंड उत्तरेकडे आहे. बेतणीला उत्तरेचा उजेड सर्वांत चांगला, कारण तो दिवसभर एकसारखा असतो आणि कापडावर कवडसे पडत नाहीत. समोर बाग, म्हणजे उजेड अडवायला इमारतही नाही.

सगळेच कपड्यांचे कारखाने असे नटलेले होते का?

नाही. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातले शर्टांचे कारखाने तुलनेने सडे. तिथला टिली अँड हेंडरसनचा कारखाना १८५० च्या दशकातला. विटांच्या भिंती, खिडक्यांच्या नियमित रांगा, पण यंत्रावरची शिवण मात्र आतच, वाफेच्या बळावर. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात या कारखान्याचा दाखला दिला आहे: १,००० कामगार आत आणि ९,००० जण खेड्यापाड्यांत घरी बसून. आकारापेक्षा कितीतरी पट उत्पादन इमारतीबाहेर होते, हे इथेही खरे. कोणत्याही कपड्यांच्या कारखान्याचा नकाशा वाचताना कोणते काम आत होते आणि कोणते बाहेर, हे आधी ठरवा. नाहीतर माल देण्या-घेण्याची खिडकी, मोजदादीची खोली, मागचा जिना यांचा अर्थच लागत नाही.

मधल्या प्रकाराचे उदाहरण इंग्लंडमधल्या मार्केट हारबरोचा सिमिंग्टन यांचा कॉर्सेटचा (बायकांच्या कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्राचा) कारखाना. उत्तर-व्हिक्टोरियन, भारदस्त, तरी मिनारबिनार नाहीत. आता त्यात नगरपरिषदेची कार्यालये आणि संग्रहालय आहे.

शिवणयंत्रे वाफेवर कशी चालत? त्याच्या खुणा आज कुठे सापडतील?

तळाशी इंजिन, त्यावरून पट्ट्याने किंवा दोराने उभी शक्ती वर, प्रत्येक मजल्यावर एक मुख्य दंड (फिरता दांडा), आणि तिथून लांब बाकांखाली जाणारे बारीक दंड. प्रत्येक यंत्राला पुली, आणि पायाने दाबायचा पेडल म्हणजे क्लच: दाबले की यंत्र फिरते, सोडले की थांबते. दंड बाकाखाली असल्याने वर उजेड अडत नाही, पण साडी नव्हे तरी घोळदार झगे घालणाऱ्या बायकांना तो धोक्याचाच.

खुणा शोधायच्या त्या अशा ठिकाणी: खांबांच्या माथ्यावर सपाट चौकोनी बैठक आणि भोके (तिथे दंडाचा कंस बसलेला असतो). फळ्यांत ठरावीक अंतरावर भोकांच्या जोड्या आणि तेलाचे काळे पट्टे. भिंतीत बुजवलेली लांबट खाच, जिच्यातून पट्टा जाई. इस्त्रीच्या विभागात गॅसच्या नळ्यांची बुजवलेली टोके आणि फळ्यांवर जळके डाग. फळ्या घासून पॉलिश करणारा कंत्राटदार पहिल्याच दिवशी यातले निम्मे पुरावे पुसतो, म्हणून फोटो आणि मोजमाप त्याआधी.

आग आणि कामगारांच्या सोयीसाठी कायदे कोणते होते?

कारखाना कायदे सुरुवातीला कापड गिरण्यांपुरते होते. १८६७ च्या विस्तार कायद्याने आणि कार्यशाळा कायद्याने कपडे शिवणारे त्यांच्या कक्षेत आले, १८७८ मध्ये सगळे एकत्र केले गेले. १८९१ च्या कायद्याने ४० पेक्षा जास्त माणसे असलेल्या नव्या कारखान्यांना आगीत बाहेर पडण्याच्या सोयीचा दाखला आवश्यक झाला. अनेक इमारतींच्या मागच्या भिंतीवर नंतर डकवलेले लोखंडी जिने दिसतात, त्यामागे बहुधा हेच. १८९५ मध्ये प्रत्येक कामगारामागे २५० घनफूट हवा हा आकडा आला. म्हणजे सुमारे ७ घनमीटर. १२ फूट उंचीच्या मजल्यावर हे जेमतेम २ चौरस मीटर जमीन होते. नकाशावर एका मजल्यावर किती बायका बसत असतील याचा वरचा अंदाज यावरून बांधता येतो.

एखाद्या इमारतीचे वय कसे ठरवायचे?

कोनशिलेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ती विस्ताराची असू शकते. क्रम असा ठेवा.

आधी नकाशे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशाखात्याचे ब्रिटिश शहरांचे १:५०० प्रमाणाचे नकाशे १८५५ ते १८९५ दरम्यानचे आहेत, त्यांत खांब आणि जिनेसुद्धा कधीकधी दिसतात. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गोड (Goad) नावाच्या कंपनीचे आगविम्याचे नकाशे मिळतात. त्यांत मजले, छपराचा प्रकार, भिंतीचे साहित्य आणि वापर रंग व खुणांनी नोंदलेला असतो. कपड्यांच्या कारखान्यासाठी हे सोने आहे.

मग विटा. चार थर आणि त्यांमधल्या दर्जा (विटांमधले मसाल्याचे सांधे) धरून उंची मोजा. आजच्या मेट्रिक विटेत ती ३०० मिमी येते, उत्तर इंग्लंडच्या व्हिक्टोरियन विटेत ३३० मिमीच्या आसपास. एकाच भिंतीत दोन मोजमापे आली तर तिथे दुरुस्ती किंवा वाढ आहे. मग तुळया, वर सांगितल्याप्रमाणे. शेवटी खिडक्यांच्या चौकटी, कारण त्याच सर्वांत जास्त वेळा बदललेल्या असतात.

आज या इमारतींत सर्वांत आधी काय बिघडते?

पन्हळ. कठड्यामागे लपवलेली शिशाच्या पत्र्याची पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत मुरते आणि पुढची सगळी दुखणी तिथून. सजवलेला कठडा जितका देखणा तितकी मागची पन्हळ अरुंद आणि न दिसणारी. वर्षातून दोनदा साफसफाई, त्यातली एक पानगळ संपल्यावर, आणि जोराच्या पावसात प्रत्यक्ष वर जाऊन पाणी कुठून वाहते ते पाहणे, हे दुरुस्तीच्या कोणत्याही अहवालापेक्षा स्वस्त.

पुढची पायरी गंज. लोखंड गंजले की मूळ धातूच्या कित्येक पट जागा घेते. भिंतीत घुसलेले तुळईचे टोक किंवा टेराकोटा पकडणारी लोखंडी पकड फुगते आणि बाहेरची वीट किंवा नक्षी फोडते. बाहेरून दिसते ती एक सरळ आडवी चीर. ती सिमेंटने बुजवणे म्हणजे पुढच्या वेळी जास्त मोठा तुकडा खाली पडण्याची सोय. जॅक आर्चवर भराव म्हणून कोळशाची राख घातलेली असते, तिच्यात गंधक असते. ती ओली झाली की तुळई वरून कुरतडली जाते आणि खालून पाहणाऱ्याला काही कळत नाही. स्नानगृह वर असेल तर तिथे भराव उघडून बघाच. कमानींना ताणून धरणाऱ्या सळया ‘डोक्याला लागतात’ म्हणून कापल्या गेल्या असतील तर काम थांबवून आधी अभियंत्याला बोलवा.

तिसरे, सांध्यांत भरलेले सिमेंट. जुन्या मऊ विटेत सिमेंटने दर्जा भरला की ओलावा दर्जेतून बाहेर पडू शकत नाही, विटेच्या तोंडातून पडतो, आणि गोठला की विटेचा पापुद्रा उडतो. उपाय चुना: हवेत-पाण्यात घट्ट होणारा मध्यम ताकदीचा नैसर्गिक चुना १ भाग, टोकदार कणांची वाळू सुमारे ३ भाग. जुना दर्जा हाताने, छिन्नीने, दर्जेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल काढायचा, साधारण २५ मिमी. चक्रीकटर नको, तो विटांच्या कडा खातो. भिंत आधी ओली करायची, मसाला दाबून भरायचा, जरा घट्ट झाल्यावर ब्रशने ठोकायचा, आणि काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम काढूच नका. त्या देशात याचा अर्थ, हिवाळ्यात नाही.

टेराकोटाची नक्षी तुटली असेल तर?

टेराकोटाचे ठोकळे पोकळ असतात आणि भाजताना आकसतात, साधारण बाराव्या भागाने. म्हणून नवा तुकडा हवा असेल तर शेजारच्या शाबूत तुकड्याचा साचा तसाच घेऊन चालत नाही, तो प्रमाणात मोठा करावा लागतो. हे न करणाऱ्याचा तुकडा प्रत्येक बाजूने लहान येतो आणि मग रुंद दर्जा भरून लाज झाकावी लागते. मागणीपासून तुकडा हातात येईपर्यंत महिने जातात. परांचीवर चढण्याआधी मागणी गेलेली हवी. बसवताना स्टेनलेस स्टीलची पकड.

साफसफाईत सर्वांत मोठे नुकसान होते. टेराकोटाच्या अंगावर भट्टीत तयार झालेले पातळ कडक कवच असते. वाळूचा मारा किंवा तीव्र आम्ल लावले की ते जाते, आणि आतला सच्छिद्र भाग पाणी पिऊ लागतो. काजळी सौम्य पद्धतीने, आधी नजरेआडच्या कोपऱ्यात चाचणी घेऊन काढावी. थोडी काळी राहिली तर राहू द्या.

बिडाचा खांब मजबूत आहे की नाही, हे कसे कळते?

हातोडीच्या आवाजावरून नाही. खांब आडवा ओतला असेल तर आतला गाभा सरकून एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ झालेली असते. एकाच उंचीवर १२० अंशांच्या अंतराने तीन बारीक भोके पाडून जाडी मोजतात. वेल्डिंग टाळा: बीड तापून थंड होताना शेजारीच तडकते. चिरेला धातूच्या टाक्यांनी, थंड अवस्थेत शिवतात. जुन्या रंगात शिसे असते, खरवडण्याआधी तपासा.

आगीत बीड टिकते खरे, पण तापलेल्या खांबावर नळाचे थंड पाणी पडले की तडा जातो. म्हणून नव्या वापरासाठी फुगणारा अग्निरोधक रंग लावतात. त्याने खांबावरची बारीक नक्षी बुजते, हा तोटा मान्य करावा लागतो.

कार्यालय किंवा घरे करताना मजल्याला भार पेलतो का?

बहुधा पेलतो. ब्रिटनमध्ये कार्यालयाच्या मजल्यासाठी साधारण चौरस मीटरला २५० किलो एवढा भार धरतात, आणि कापडाच्या ताग्यांसाठी बांधलेला मजला याहून जास्त सोसत असे. अडचण वेगळीच येते: ओल्या भिंतीत शिरलेली लाकडी तुळयांची टोके कुजलेली असतात, किंवा मागच्या कोणी एक खांब ‘अडचण होते’ म्हणून काढलेला असतो. भाराचा प्रश्न विचारण्याआधी खांब मोजा, प्रत्येक मजल्यावर, आणि ते एकाखाली एक आहेत ना हे पाहा.

१९७६ मध्ये सेंट पॉल्स हाउसचे काय केले?

आतला भाग कार्यालयांसाठी नव्याने बांधला आणि दर्शनी भिंती जपल्या. कोपऱ्यांवर आज दिसणारे मिनार फायबरग्लासचे आहेत. यावर नाक मुरडणे सोपे आहे. आतला बेतणीचा मजला गेला हे मोठे नुकसानच, कारण या प्रकारच्या इमारतीचा इतिहास आत असतो. पण १९७० च्या दशकात लीड्समध्ये अशा इमारतीला पर्याय बहुतेकदा जमीनदोस्त होणे हाच होता. फायबरग्लासचे म्हणाल तर खालून फरक कळत नाही, आणि कमी वजन कठड्याच्या फायद्याचेच.

दर्शनी भिंत ठेवून मागचे बदलताना भिंतीचा आधार हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. ग्लासगोच्या टेंपलटन गालिचा कारखान्याची व्हेनिसच्या राजवाड्यासारखी भिंत बांधकाम चालू असतानाच, १ नोव्हेंबर १८८९ रोजी, वाऱ्यात शेजारच्या विणकाम शेडवर कोसळली आणि २९ बायका मेल्या. भिंत मागच्या सांगाड्याला पुरेशी बांधलेली नव्हती. सजवलेली भिंत स्वतःच्या पायावर उभी राहत नसते.

वारसा यादीत नाव असले म्हणजे इमारत वाचते का?

हमी नाही. डेरीचा टिली अँड हेंडरसनचा कारखाना यादीत होता. वर्षानुवर्षे रिकामा राहिला, आगी लागल्या, आणि जानेवारी २००३ मध्ये पाडला गेला. रिकामेपण हे यातले खरे कारण. कारखान्याचे दार बंद झाले की तुंबलेली पन्हळ कोणाला दिसत नाही.

मुंबईत असे काही आहे का?

थेट जोड नाही. मुंबईच्या व्हिक्टोरियन गिरण्या सूत काढत आणि कापड विणत. कपडे शिवायचे ते शिंपी, दुकानात किंवा ओट्यावर. त्यामुळे बेतणीच्या टेबलाभोवती बांधलेली इमारत गिरणगावात शोधू नका. बांधकामाचे तंत्र मात्र ओळखीचे वाटेल. काळा घोड्याजवळची वॉटसनची इमारत, म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन, इंग्लंडमध्ये ओतलेल्या बिडाच्या भागांतून १८६० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. आणि दक्षिण मुंबईच्या जुन्या इमारतींत लोखंडी तुळया आणि विटांच्या उथळ कमानी आजही आहेत. तिथे गोठण्याचा प्रश्न नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा तुळईचे टोक त्याहून लवकर खातो. वर दिलेली भराव उघडून पाहण्याची सूचना तिथे जशीच्या तशी लागू.

पाहायला जायचे तर?

लीड्स स्थानकापासून पार्क स्क्वेअर पायी दहा मिनिटांच्या आत. दर्शनी बाजू उत्तरेला असल्याने फोटोसाठी लख्ख ऊन नको: इमारत सावलीत आणि मागचे आकाश पांढरे असे होते. ढगाळ दिवस बरा, आणि तो तिथे सहज मिळतो. बागेच्या उत्तर टोकाला उभे राहिले की कठडा आणि मिनार पूर्ण दिसतात. हिवाळ्यात झाडांची पाने आड येत नाहीत. मग कोपऱ्यावरून वळून सेंट पॉल्स स्ट्रीटकडची बाजू पाहा. जवळ जाऊन खालच्या दोन मीटरमधले टेराकोटाचे सांधे निरखा: एकाच साच्याचे तुकडे किती वेळा आले आहेत ते मोजता येते. तिथून दक्षिणेला हॉलबेकमधल्या टॉवर वर्क्सची धुराडी चालत गाठण्याजोगी आहेत.